पायाखालचं रबर

गंगाखेडला ऊसतोड सुरू झाली की माझ्या दुकानात सगळ्यात आधी येतात ते ट्रॅक्टरवरचे टेप. टेप आता कुठले राहिलेत म्हणा, पण म्हणताना सगळे अजून टेपच म्हणतात. पावसाळाभर शेडात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, स्पीकरचा कागद फाटलेला असतो, आणि ड्रायव्हरला मात्र उद्याच्या खेपेला गाणी हवीच असतात. "ताई, आवाज जरा वाढवून द्या," हे वाक्य या दिवसांत मी चहाच्या कपांपेक्षा जास्त वेळा ऐकते. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, प्रत्येकाचं गाणं वेगळं. हवेत मळीचा आंबूस वास असतो आणि दुकानाच्या काउंटरची काच दिवसभर थरथरत असते. परभणीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी हे दुकान टाकलं, तेव्हा बाई सोल्डरिंग करते याचं लोकांना नवल वाटायचं. आता कुणाला काही वाटत नाही.

यंदाही हंगाम सुरू झालाय, पण यंदा माझं कामात लक्ष नाही. रस्त्यावरून एक ठरावीक घरघर येऊ लागली की मी मान खाली घालते आणि समोरच्या सर्किटमध्ये काहीतरी शोधत असल्याचं सोंग करते. परवा अशाच घाईत एका ट्रॅक्टरवाल्याच्या डेकला उलट्या वायरी जोडल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मागचा हंगाम डोक्यातून जात नाही, हे त्याचं कारण. तेव्हा मी नीट वागले की चुकले, हे मला त्या वेळीही कळत नव्हतं आणि आज, सगळं उघडं पडल्यावरही, पुरतं कळलेलं नाही.

ती घरघर अंकुशभाऊंच्या 'मिलिटरी'ची. मिलिटरी म्हणजे लष्करानं लिलावात काढलेला जुना ट्रक. चारही चाकं ओढणारा, अंगावर हिरव्या रंगाचे थरावर थर, आणि मागच्या बाजूला लोखंडी दोर गुंडाळणारा विंच. गंगेकाठची रानं काळी. हंगामात अवेळी सरी आल्या की उसानं भरलेल्या ट्रॉल्या त्या चिखलात आसापर्यंत रुततात, दोन ट्रॅक्टर जोडले तरी हलत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, मिलिटरीला बोलवा. मिलिटरी येते, रानाच्या कडेला पाठमोरी उभी राहते, दोर सोडते आणि ट्रॉली ओढून काढते. त्या इंजिनाचा आवाज असा की शेजारच्या रानातली माणसंसुद्धा खुणांनी बोलायला लागतात.

ट्रकवर तिघं. अंकुशभाऊ पुढे गाडीवर. त्यांचा धाकटा भाऊ बाळू हुकावर, म्हणजे दोराचा हुक घेऊन चिखलातून ट्रॉलीपर्यंत जायचं आणि तो साखळीत अडकवायचा. तिसरे मारोतीमामा, या दोघांचे सख्खे मामा, झरी गावचे. ते मागच्या पाट्यावर उभे राहून विंचचा दांडा सांभाळायचे. अंकुशभाऊंना मागचं काही दिसत नाही, मामांना पुढचं काही ऐकू येत नाही, म्हणून मामांनीच ठोक्यांची पद्धत बसवली होती. मोठा पाना घेऊन ट्रकच्या अंगावर ठोके द्यायचे. एक ठोका थांब, दोन ओढ, तीन सैल सोड. पुढून अंकुशभाऊही तसंच ठोकायचे. कैक वर्षं त्यावर काम चाललं. मग मागल्याच्या आधीच्या हंगामात एकदा दोर वेळेआधी ओढला गेला आणि बाळूच्या उजव्या हाताच्या करंगळीचं टोक गेलं. तेव्हापासून तो हातमोजे घालू लागला, आणि अंकुशभाऊंची झोप उडाली.

म्हणून मागल्या हंगामाच्या तोंडावर ते माझ्याकडे आले. सगळ्या तालुक्याला आवाज वाढवून हवा असताना हा एक माणूस म्हणत होता, या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येईल असं काहीतरी करा. भंगारवाल्याकडून त्यांनी लष्करी गाड्यांत वापरायची जुनी बोलायची यंत्रणा मिळवली होती. एक जड हिरवा डबा, कान पूर्ण झाकणारे तीन हेडफोन आणि गळ्याला पट्ट्यानं बांधायचे माइक. बटण दाबून एकानं बोलायचं, बाकीच्या दोघांना ऐकू यायचं. डब्याचं झाकण उघडलं आणि मी खुळावलेच. काय ती वायरिंग, प्रत्येक तार जागच्या जागी शिवलेली. इतकं सुंदर काम मी कधी हातात घेतलं नव्हतं. टेपांचा ढीग बाजूला सारून मी आठवडाभर त्या ट्रकवर राबले.

जोडणं सोपं होतं, बाळूसाठी दोराइतकी लांब वायर सोडली की झालं; आवाज स्वच्छ करणं अवघड. पहिल्यांदा चालू केलं तर हेडफोनमध्ये डायनामोची शिट्टी, इंजिन वाढवलं की तीही वाढणार. मी फिल्टर लावला, वायर बदलली, अर्थिंगसाठी रंग खरवडत खरवडत चकचकीत लोखंडापर्यंत गेले. शिट्टी गेली तरी मामांच्या माइकमधून घरघर यायचीच. ते ज्या लोखंडी पाट्यावर उभे राहायचे तो इतका थरथरायचा की ती थरथर त्यांच्या पायांतून चढून गळ्यापर्यंत यायची. मला कोण आनंद झाला ते कारण सापडल्यावर. भंगारातून जाड पट्ट्याचं रबर आणलं, पाट्यावर अंथरून बोल्टानं घट्ट केलं. मामा डाव्या हातानं ज्या कठड्याला धरायचे त्यालाही सायकलची ट्यूब गुंडाळली. घरघर पार गेली. आणि सगळ्यांना बजावून सांगितलं, आता ठोके बंद. ठोका माइकमधून थेट कानात जातो, पडदे फाटतील. पाना मी स्वतः उचलून सीटखाली टाकला.

चाचणी दुकानासमोरच घेतली, इंजिन बंद ठेवून. मी मामांच्या समोर उभी राहून विचारलं, ऐकू येतंय का. मामा हसून म्हणाले, "हां." आवाज बरा आहे का? हां. मामा मुळातच कमी बोलणारे, सेलूच्या जिनिंगमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढलेले. कापसाच्या त्या यंत्रांजवळ माणसाची बोलायची सवयच जाते, असं अंकुशभाऊ कौतुकानं सांगायचे. मीही मान डोलावली. इतकी वर्षं कान आणि आवाज यांच्या मधल्या वस्तू दुरुस्त करणारी बाई मी, पण ते वाक्य ऐकून माझ्या डोक्यात काहीसुद्धा पेटलं नाही.

मग सुरू झाला तो गोंधळ. दर चार दिवसांनी अंकुशभाऊंचा फोन. मशीन लय भारी हाय, बाळूचं सगळं ऐकू येतंय, पण मामाकडं मधूनच बंद पडतंय. थांब म्हणलं तरी मामा ओढायलाय. मी स्कूटीवरून रानात जायची. मामांचा हेडफोन घालून बघायची, आवाज खणखणीत. वाटलं, उष्णतेनं एखादा जोड सुटत असेल. सगळे जोड नव्यानं डागले. पुन्हा तक्रार. मामांचा हेडफोन अंकुशभाऊंना दिला, त्यांचा मामांना. अंकुशभाऊंकडे उत्तम, मामांकडे बंद. प्लग बदलला, वायर बदलली, डब्यातला कप्पा बदलला. बिघाड जागचा हलेना. आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात की सगळं बदलूनही बिघाड राहिला, तर जे बदललं नाही ते तपासा. मी ट्रकमधली प्रत्येक वस्तू बदलली आणि रात्री जेवताना विचार करायची की राहिलं काय.

त्या दिवसांतली एक गोष्ट आठवते. मी दुरुस्तीला गेले की मामा माझ्यासाठी उसाचं कांडं सोलून आणायचे आणि मी काम करत असताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचे. मला अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा तर मनात रागही आला, या वयाच्या माणसानं असं बघावं का म्हणून. आता ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

मग एके दिवशी दुपारी मी रानातच होते. बिघाड कामाच्या वेळीच पकडायचा असं ठरवून मी एक चौथा हेडफोन जोडून घेतला होता आणि मामांच्या मागे दोन हातांवर उभी होते. ट्रॉली वाकडी रुतलेली. बाळूनं हुक अडकवला, दोर ताणला गेला आणि साखळी घसरली. ती सारखी करायला बाळू पुन्हा आत वाकला, पाट्यावरून दिसेनासा झाला. माझ्या कानात त्याचा आवाज आला, थांबा. लगेच अंकुशभाऊंचा, थांब मामा, थांब. दोन्ही इतके स्पष्ट की बाळूचा श्वासही ऐकू येत होता. मामांचा हात दांड्यावर तसाच. दोर गुंडाळतच राहिला. मी पुढे होऊन त्यांचा खांदा ओढला तेव्हा कुठे त्यांनी दांडा सोडला. बाळूनं हात काढून घेतला होता. हातमोजा मात्र साखळी आणि ट्रॉलीच्या दांडीच्या मधे राहिला, पापडासारखा चपटा.

अंकुशभाऊंनी इंजिन बंद केलं. उतरून आले, हातमोज्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले की ताई, याच्यापरीस ठोका बरा होता. आणि बाळूला घेऊन ऊसतोडीवाल्यांच्या कोपीकडे, त्यांच्या पाचटाच्या झोपडीकडे, पाणी प्यायला गेले. रानात एकदम शांतता झाली. मी मामांच्या पाठीमागे डब्यापाशी बसले. सवयीनं बटण दाबलं आणि मामांच्या हेडफोनमध्ये बोलले की मामा, ऐकू येतंय का. मामांना माझी चाहूल लागली असावी, कारण मान न वळवता ते म्हणाले, हां. कसं कोण जाणे, पण पुढचा प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला. मामा, तुमचं गाव कोणतं?

"हां," मामा म्हणाले.

मी बटण सोडलं. मामा वळले, त्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं की मला कळलं. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला.  मग हलक्या आवाजात, स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे ज्याला कळत नाही असा माणूस सांभाळून बोलतो तसं, म्हणाले, "ताई, पायाखालचं रबर तेवढं काढा. त्याच्या आधी मला समदं ऐकू यायचं."

मी रबराकडे बघत राहिले. बोल्ट मीच आवळलेले. जिनिंगनं त्यांचे कान कधीच नेले होते. ठोका ते तळपायानं आणि कठड्यावरच्या तळहातानं घेत होते. इंजिनाचा जोर कमी-जास्त झाला, दोर अडकला, गाडी मागे सरकली, सगळं त्या लोखंडातून त्यांच्यापर्यंत येत होतं. आणि मी, आवाज स्वच्छ करायच्या नादात, त्यांना चहूबाजूंनी बहिरं करून ठेवलं होतं. वर ठोकेही बंद केले होते. घरच्यांना वाटायचं मामांना थोडं कमी येतं, वयानुसार. मिलिटरीजवळ सगळेच ओरडून आणि हातवारे करून बोलतात, तिथे कोण कशाला ओळखणार? मामांनी मला दुसरं काहीच मागितलं नाही. सांगू नका, असंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी कदाचित भांडले असते.

मी पाना काढला, बोल्ट सोडले, रबर गुंडाळून स्कूटीला बांधलं. ट्यूब कापून टाकली. अंकुशभाऊ परत आले तेव्हा त्यांना सांगितलं की वायर आतून तुटली होती, जोडली. आणि हे मशीन जुनं आहे, भरवसा नको, बोलायचंही आणि ठोकाही द्यायचा, पहिल्यासारखा. त्यांनी कुरकुर केली, मग मानलं. माझ्या तोंडून वायर तुटली होती हे शब्द इतके सहज आले की मला स्वतःचीच भीती वाटली.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत काही झालं नाही. मामा पुन्हा पहिल्यासारखं चोख काम करू लागले. मी दोन-तीनदा मुद्दाम जाऊन बघून आले. ठोका पडायचा आणि त्याच क्षणी मामांचा हात हलायचा, अंकुशभाऊंपेक्षाही चपळ. ते बघितलं की वाटायचं, हा माणूस बहिरा कसा? चांगले कान असलेले किती तरी लोक माझ्या दुकानात येतात, त्यांना समोरच्याचं एक वाक्य धड ऐकू येत नाही. हे बोलून मी स्वतःची समजूत घालायची. घरी आले की ती समजूत सुटायची. आधीच्या हंगामात करंगळी गेली तेव्हाही ठोकेच होते ना? तेव्हा चूक कुणाची झाली होती? दोर रोज ताणला जातो, बाळू रोज आत वाकतो, आणि त्याला वाटतं आपण थांबा म्हटलं की मामाला ऐकू येतं. सांगावं, तर मामांना घरी बसवतील. झरीच्या त्या घरात दिवसभर भिंतीकडे बघत बसलेले मामा माझ्या डोळ्यांपुढे यायचे. न सांगावं, तर हातमोजा यायचा. असं करत करत ऊस संपला, कोप्या उठल्या, आणि मी सुटले असं मला वाटलं.

यंदा हंगामाच्या तोंडावर मिलिटरी पुन्हा दुकानासमोर येऊन उभी राहिली. अंकुशभाऊ खुशीत होते. उन्हाळ्यात बाळूचं लग्न झालं होतं. करंगळी बघून सोयऱ्यांनी आणि घरी आईनं धोशा लावला होता की पोराला हुकावर पाठवायचं नाही. म्हणून त्यांनी अदलाबदल केली होती. बाळू वर, विंचवर. हुकावर मामा. मामांना चिखलात एवढं चालवेल का, असं मी विचारलं. अंकुशभाऊ म्हणाले की चालायला काय, मामा अजून खमका हाय. फक्त त्याच्यासाठी बिनवायरीचं नवं मशीन बसवून द्या. कानात आवाज असला म्हणजे मामाला कशाची भीती न्हाई.

मामा ट्रकच्या सावलीत उभे होते. हंगामभर लोखंडावरून उतरून चिखलात, दोराच्या टोकाशी. तिथे त्यांच्या पायांना काय ऐकू येणार होतं? ते गप्प का होते, हे मला विचारावं लागलं नाही. मी बोलले नाही तर ते जाणार होते, आणि जाताना हां म्हणणार होते.  मागच्या वर्षभरात बाळूसाठी जे जमलं नव्हतं ते त्या क्षणी मामांसाठी जमलं, याचाही मला पुढे खूप त्रास झाला.

मी म्हणाले, "अंकुशभाऊ, मामांना हुकावर पाठवू नका. त्यांना ऐकू येत नाही."

ते हसले, वय झालंय म्हणाले. मी म्हणाले, थोडं नाही, काहीच येत नाही. मग रबर, ठोके, पाय, सगळं सांगितलं. हसू मावळत गेलं. मामा माझ्या ओठांकडे बघत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, नीट घडी घातली आणि जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले. अंकुशभाऊ त्यांच्यापाशी जाऊन उकिडवे बसले. यंदा मामा झरीला घरी आहेत. मला जे नको होतं तेच झालं, फक्त एक वर्ष उशिरा.

मामा त्या दिवशी पायरीवर बसले, त्याच वेळी बाळू ट्रकवरून उतरून माझ्यासमोर आला. त्यानं शांतपणे विचारलं, हे तुमाला कधीपासून ठाऊक हाय. मी खरं सांगितलं, मागल्या हंगामापासून. तो मनातल्या मनात ते दिवस मागे मोजत असावा. म्हणाला की म्हंजी त्याच्यानंतर मी दररोज हुकापाशी जायलो व्हतो. मी हो म्हणाले. मामाचं मी समजू शकतो, तो म्हणाला, त्याची पोटाची आन् मानाची गोष्ट व्हती. तुमचं काय व्हतं?

मी म्हणाले, मला मामांची दया आली. त्यांना घरी बसवाल असं वाटलं.

"बसवलं असतं, न्हाई तर नसतं बसवलं," बाळू म्हणाला. "ते आमी बघितलं असतं. हात माझा व्हता, ताई."